फळमाशीचा सापळा: डब्यात नर, फळात अंडी

कारल्याच्या मांडवात वासाची गोळी घातलेले डबे टांगले, आठवड्यात तळाला माश्यांचा थर साचला, आणि तरी प्रत्येक तोड्याला पाटीतून पाच-सात वाकडी, डिंक आलेली कारली निघतातच. मिरज, पलूस, वाळव्यापासून कराडपर्यंत भाजीपट्ट्यात फळमाशीच्या सापळ्याबद्दल हीच तक्रार ऐकू येते: माशी सापडते, पण डंख थांबत नाही. यात डब्याचा दोष कमी आणि त्याच्याकडून ठेवलेल्या अपेक्षेचा जास्त. डब्यात सापडतो तो नर. डंख मारते ती मादी, आणि ती त्या गोळीच्या वासाला ढुंकूनही बघत नाही.

म्हणून इथे नुसत्या सापळ्याचं परीक्षण करून भागणार नाही. वेलवर्गीय भाज्यांसाठी दुकानात फळमाशीवर म्हणून तीन गोष्टी मिळतात: क्यू ल्यूरचा, म्हणजे नराला ओढणाऱ्या गंधाच्या गोळीचा सापळा, प्रथिनाचं आमिष आणि कडुनिंबाची बाटली. तिन्ही रसायनं माशीच्या अंडी घालण्याच्या वेगवेगळ्या टप्प्यावर काम करतात. टप्पा चुकला की पैसे वाया. कंपन्यांची नावं इथे घेतलेली नाहीत, कारण पाकिटं कितीही निराळी असली तरी आतलं औषध बहुतेक तेच असतं. फरक पडतो तो ताजेपणाचा आणि वापराचा.

आधी माशी ओळखा, कारण सगळ्यात मोठी फसगत दुकानाच्या काउंटरवरच होते. वेलावरची फळमाशी घरमाशीहून थोडी मोठी, तांबूस-पिवळी, लांबून लहानशी गांधीलमाशी वाटावी अशी. पाठीवर तीन पिवळे पट्टे, दोन कडेला आणि एक मधोमध. पंखाच्या पुढच्या कडेला तपकिरी पट्टा, तो टोकाशी रुंद होतो, शिवाय पंखावर आणखी तपकिरी डाग. आंब्या-पेरूची माशी वेगळी: पाठ काळपट, पिवळे पट्टे दोनच, मधला नाही, आणि पंख जवळजवळ स्वच्छ. आंब्याच्या माशीला मिथाइल युजेनॉल लागतं, वेलावरच्या माशीला क्यू ल्यूर. दुकानदाराकडे ‘फळमाशीची गोळी द्या’ म्हटलं की जी हाताला लागेल ती मिळते, आणि कारल्याच्या मांडवात आंब्याची गोळी महिनाभर लटकत राहते. डब्यात काहीच येत नाही किंवा बांधावरच्या पेरूतले चार नर येतात, आणि शेतकरी म्हणतो, आमच्या रानात माशी नाही. पाकिटावर ‘क्यू ल्यूर’ हे दोन शब्द वाचल्याशिवाय पैसे काढू नका. नुसतं ‘फ्रूट फ्लाय ल्यूर’ लिहिलेलं असेल तर ते पाकीट परत.

या गोळीला सगळे कामगंध म्हणतात, पण खरं तर हा मादीचा गंध नव्हेच. क्यू ल्यूर हे कारखान्यात बनवलेलं रसायन आहे. त्याचा सख्खा भाऊ, रास्पबेरी कीटोन, आग्नेय आशियातल्या काही ऑर्किडच्या फुलांत असतो. तिथे नर माश्या त्याच्या नादाने फुलावर जातात आणि जाताना परागीभवन करून येतात. मिथाइल युजेनॉलचा शोध तर भारतातच लागला. एफ. एम. हॉवलेट हे कीटकशास्त्रज्ञ बिहारमधल्या पुसाच्या संशोधन संस्थेत काम करत होते. सिट्रोनेला तेलाकडे फळमाशीचे नर झुंडीने येतात हे त्यांनी १९१२ साली नोंदवलं आणि १९१५ मध्ये त्यामागचा घटक मिथाइल युजेनॉल असल्याचं दाखवलं. तुळशीच्या काही जातींतही तो असतो, म्हणून तुळशीचा पाला चुरडून सापळ्यात घालायची जुनी युक्ती आंब्याला चालते. कारल्याला तिचा उपयोग नाही.

आता मूळ मुद्दा. नर मारून अंडी थांबतील का? एक नर अनेक माद्यांना पुरतो. दहातले आठ नर डब्यात गेले तरी उरलेल्या दोघांत काम भागतं. शिवाय नर गोळीकडे येतो तो वयात आल्यावर, म्हणजे त्यातल्या काहींचं समागमाचं काम आधीच उरकलेलं असू शकतं. शेजारच्या रानातून आलेली मादी तर बहुधा समागम उरकूनच येते, तिला तुमच्या मांडवातला नर लागतच नाही. प्रशांत महासागरातल्या रोटा बेटाचं उदाहरण इथे चपखल बसतं. तिथे १९६० च्या दशकात आंब्याची माशी नुसत्या मिथाइल युजेनॉल आणि विषाने माखलेल्या तुकड्यांनी, फक्त नर मारून, संपवली. त्याच बेटावर वेलावरची माशी संपवायला मात्र निर्बीज केलेल्या माश्या सोडाव्या लागल्या. जपानने ओकिनावात हीच माशी १९९३ पर्यंत हद्दपार केली, तीही मुख्यतः निर्बीज माश्या सोडूनच. क्यू ल्यूरची ओढ मिथाइल युजेनॉलच्या मानाने कमकुवत आहे. ‘आंब्याच्या बागेत सापळ्यांनी फरक पडला, मग कारल्यात का नाही’ याचं उत्तर हे.

मग क्यू ल्यूरचा सापळा घ्यायचा का? घ्यायचा. माशी कधी आली, वाढतेय की उतरतेय, हे सांगणारं त्याच्याइतकं स्वस्त साधन दुसरं नाही. शिवाय वेळेवर आणि पुरेसे लावले तर नरांची संख्या खाली राहते, ती मदत वाया जात नाही. फक्त नजर ठेवायची तर एकरी चार-पाच पुरे. नर मोठ्या प्रमाणावर पकडायचे तर एकरी दहा, म्हणजे चार गुंठ्यांना एक, दोन डब्यांत साधारण २० मीटर अंतर. वेल मांडवावर चढून पहिली फुलं दिसायच्या आत डबे लागले पाहिजेत. पहिला डंख बघून दुकानात जाणारा महिनाभर मागे असतो: अंडं एक-दोन दिवसांत फुटतं, अळी आठवडाभर फळात, मग आठवडा-दहा दिवस मातीत कोष, आणि बाहेर पडलेल्या मादीची अंडी पक्व व्हायला आणखी दहा-बारा दिवस. तुम्हाला आज दिसलेला डंख हा गेल्या महिन्यातल्या अंड्याचा हिशोब आहे.

डबा टांगायचा मांडवाखाली, जमिनीपासून तीन ते पाच फुटांवर, सावलीत, पण पानांत गाडलेला नको. वारा खेळला पाहिजे, नाहीतर वास पसरणार कसा. कडक उन्हात टांगला तर गोळी लवकर उडून जाते. पाकिटावर ४५ किंवा ६० दिवस लिहिलेलं असतं, ते सावलीतल्या डब्याचं समजा. जत-आटपाडीच्या एप्रिल-मेमध्ये तेवढे दिवस धरू नका, महिन्याला बदला. उलट शिराळ्याकडच्या पावसात गोळीपेक्षा डब्याची अडचण: भोकातून पाणी आत जातं, मेलेल्या माश्यांची पेज होते आणि मोजणीच बंद पडते. तिथे वर छत्रीसारखं झाकण असलेला डबा घ्या, नाहीतर कापलेल्या बाटलीचं टोपण घालून छत्री करा.

बाजारातल्या डब्यांत दोन घराण्यं. एक, उभी बाटली किंवा बरणी, बाजूला भोकं, आत गोळी टांगलेली. दुसरा, खालून मधोमध भोक असलेला पिवळा तळ आणि वर पारदर्शक घुमट. पहिला स्वस्त, आणि घरी करायचा तर पाण्याच्या एक लिटर बाटलीला गळ्याखाली दोन सेंटिमीटरची तीन भोकं पाडली की झाला. क्यू ल्यूरसाठी त्यात आणि विकतच्यात काडीचा फरक नाही. दुसरा महाग, पण त्याच्या तळात द्रव राहतो, त्यामुळे पुढे प्रथिनाचं आमिष घालता येतं. एकच डबा दोन्ही कामांसाठी हवा असेल तर घुमटाचा घ्या. घेताना हे बघा: झाकणाचे आटे नीट बसतात का, तार गंजणारी आहे का, आणि गोळीचा खुंटा हलवला तर पडतो का. पहिल्याच उन्हाळ्यात आटे तडकतात, झाकण सैल होतं आणि वाऱ्याच्या पहिल्या झटक्याला तळ खाली, माश्या मातीत. पिवळा की पारदर्शक यावर डोकं शिणवू नका. इथे नाक काम करतं, डोळे नव्हेत.

गोळीत विष आहे की नाही हे मात्र विचारून घ्या, कारण इथे पाकिटं साफ फसवतात. काही गोळ्या नुसत्या गंधाच्या असतात. अशी गोळी कोरड्या डब्यात टांगली तर नर येतो, चाटतो आणि आल्या वाटेने निघून जातो. गंध चाखलेल्या नरावर मादी जास्त भाळते, म्हणजे तुम्ही फुकट अत्तराचं दुकान मांडलं! जुन्या माहितीपत्रकांत डब्यात डायक्लोरव्हॉसचा बोळा ठेवा असं असतं. त्या औषधावर ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे, दुकानात जुना साठा कुणी पुढे केला तरी घेऊ नका. बिनविषारी गोळीखाली पाव लिटर पाणी आणि भांडी घासायच्या साबणाचे चार-पाच थेंब टाका. साबणाने पाण्याचा पापुद्रा मोडतो, माशी बुडते. पाणी आठवड्याला बदला.

गोळी घरी करायची तर प्लायवूडचे पाच सेंटिमीटर चौकोनी, साधारण सव्वा सेंटिमीटर जाडीचे तुकडे घ्या. सहा भाग अल्कोहोल, चार भाग क्यू ल्यूर, एक भाग मॅलाथिऑन हे कीटकनाशक, या मिश्रणात ते किमान दोन दिवस बुडवून ठेवा. वर सनमाइका किंवा रंग असलेलं प्लाय चालत नाही, ते शोषतच नाही. हातमोजे घाला, आणि त्याच हाताने मिथाइल युजेनॉलच्या गोळ्या हाताळू नका. दोन गंध एकमेकांत मिसळले की दोन्ही डबे बिघडतात.

सापळ्याबद्दल एक भीती सतत ऐकू येते: डबे लावले की शेजारच्या रानातली माशी आपल्याकडे येते. येते, पण नर येतो, आणि नराकडे अंडी घालायची नळी नाही. शेजाऱ्याने उलट चहा पाजायला हवा.

आता मादीकडे. तिचं काम एकदा जवळून पाहिलं की पुढच्या दोन बाटल्यांचा अर्थ लागतो. ती कोवळ्या कारल्यावर उतरते आणि लगेच भोसकत नाही. आधी चालते. पाय आपटत, पोटाचं टोक सालीवर टेकवत फिरते. तिच्या पायांवर आणि अंडनळीच्या टोकावर चव घेणारे बारीक केस असतात. साल मऊ आहे का, रस योग्य आहे का, हे ती चालता-चालता चाखते. जागा पटली की नळी आत जाते. जुनी जखम, फुलाचा चिकटलेला अवशेष, तारेचा ओरखडा, अशा जागा तिला जास्त पसंत. आत सव्वा मिलिमीटरची पांढरी, किंचित वाकडी, तांदळाच्या कणीसारखी अंडी एकावर एक रचलेली. नळी बाहेर आली की थोड्या वेळात छिद्रावर डिंकाचा थेंब येतो, तो वाळून तपकिरी होतो, आणि त्या बाजूची वाढ खुंटल्याने फळ वाकतं. काकडीवर हा थेंब पटकन दिसतो, कारल्याच्या खडबडीत सालीत लपतो. म्हणून कारल्यात वाकडं फळ हीच पहिली खूण.

अमेरिकेतली सफरचंदावरची फळमाशी अंडं घातल्यावर पोटाचं टोक फळावर घासत एक गंध सोडते. दुसरी मादी तो चाखते आणि पुढचं फळ शोधते. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी तसा प्रकार. आपल्या वेलावरच्या माशीकडून अशा शिस्तीची अपेक्षा ठेवू नका. एकाच छिद्रात दोन-तीन माद्या अंडी घालतात, आणि जखमी फळाच्या वासाला आणखी येतात. त्यामुळे मांडवावर सोडलेलं एक डंखलेलं फळ पुढच्या माद्यांना निमंत्रण ठरतं.

अंडी पक्व झालेल्या मादीला फळाचा वास ओढतो. काकडीच्या वासातले घटक एकत्र करून हवाईत मादीसाठी आमिष तयार केलं गेलं आहे, पण आपल्या बाजारातल्या गोळीत ते नसतं. कोषातून नुकती निघालेली मादी मात्र फळाकडे जात नाही, ती प्रथिनं शोधते. नुसत्या साखरेवर ती जगते, पण पोटात अंडी भरायला तिला प्रथिनं लागतात. हे दहा-बारा दिवस तुमचे. या काळात ती जे खाईल त्यात विष असेल तर अंडं तयारच होत नाही. तिन्ही वस्तूंत अंड्यावर थेट घाव घालणारी वस्तू कुठली म्हणाल तर ही, आणि दुकानात सगळ्यात कमी खपतेही हीच.

प्रथिनाचं आमिष दोन प्रकारे मिळतं: तपकिरी, आंबूस, किंचित अमोनियाच्या वासाचं प्रथिन द्रावण, ज्यात विष आपण मिसळायचं, किंवा विष आधीच मिसळलेलं तयार आमिष. वास उग्र असेल तर घाबरू नका, तो अमोनियाच मादीला खेचतो. वासच नसलेली बाटली बहुधा पातळ केलेली किंवा जुनी. आपल्याकडे रूढ असलेली शिफारस गुळाची: १० लिटर पाण्यात १०० ग्रॅम गूळ आणि २० मिली मॅलाथिऑन ५० टक्के. ती स्वस्त आहे, पण गुळात प्रथिनं नाहीत. भुकेली माशी येते, अंड्यासाठी भुकेलेली मादी त्यासाठी खास येत नाही. शिवाय गुळावर मधमाश्या तुटून पडतात, आणि कारली-काकडीचं सेटिंग त्यांच्याच जिवावर आहे. गुळाऐवजी प्रथिन द्रावण वापरा. विष घेताना लेबलवर तुमचं पीक छापलेलं आहे ना, हे वाचा. दुकानदाराच्या तोंडी शिफारशीला नंतर कुणी वाली नसतो.

आमिष फवारायची पद्धत औषध फवारणीच्या उलट आहे आणि इथेच बहुतेकांचं चुकतं. पंपाचा नोझल बारीक करून सगळा वेल भिजवला तर आमिष संपतं, वेल चिकट होतो, मधमाश्या मरतात, आणि थेंब एवढे बारीक होतात की तासाभरात वाळून वासच राहत नाही. मोठे, जाड थेंब पाहिजेत, चार-पाच मिलिमीटरचे, आणि ते वेलावर नव्हे तर कडेच्या मक्यावर. ही माशी रात्री आणि भर दुपारी वेलावर थांबत नाही; आजूबाजूच्या उंच, दाट झाडांत बसते. मका आणि एरंड तिला फार आवडतात. हवाईतल्या फळमाशी नियंत्रणाच्या कार्यक्रमांत मक्याच्या कडेवर आमिष मारायची पद्धत याच सवयीवर बेतलेली होती. मांडवाच्या चारी बाजूंनी मक्याच्या दोन ओळी लावा, वेल लावण्याच्या आधी किंवा सोबत, म्हणजे फुलं येईपर्यंत मका कमरेला आलेला असेल. आमिष पानांच्या खालच्या अंगाला, दर दोन-तीन मीटरवर एक फटका, संध्याकाळी चारनंतर, आठवड्यातून एकदा. पाऊस झाला तर पुन्हा. आपल्या भागात बांधापलीकडे ऊस असतोच. त्याच्या पहिल्या ओळीत पानांखाली माशी बसते का हे संध्याकाळी बघा, बसत असेल तर शेजाऱ्याला विचारून तिथेही.

फवारायचं नसेल तर हेच प्रथिन द्रावण पाण्यात मिसळून घुमटाच्या डब्यात घाला. त्यात नर-मादी दोन्ही बुडतात. मादी ओळखायची सोपी: पोटाचं टोक सुईसारखं निमुळतं, नराचं बोथट. मासळीच्या चुऱ्याचा सापळाही याच तत्त्वावरचा. पाच ग्रॅम ओला चुरा, भोकं पाडलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत, हेक्टरी ५० पिशव्या ही त्याची शिफारस. काम होतं, पण शिफारशीतलं विष तेच बंदी आलेलं डायक्लोरव्हॉस, आणि वासाला कुत्री-मांजरं मांडव उपसतात. घराजवळच्या रानात नको.

तिसरी बाटली, कडुनिंब. कडुनिंबातला मुख्य घटक ॲझाडिरॅक्टिन मादीला मारत नाही. पायाला आणि नळीला तो चव लागू दिली तर ती तिथे अंडं घालायला कचरते, एवढंच. वासाने माशी पळून जाते ही समजूत सोडून द्या. तिने फळावर पाय ठेवलाच पाहिजे आणि फळावर औषध असलंच पाहिजे, म्हणून वरून पानांवर मारलेल्या फवाऱ्याचा काही उपयोग नाही. नोझल मांडवाखाली, फळाकडे वळवून धरायला हवा.

बाटली घेताना पीपीएम (दहा लाख भागांत औषधाचे किती भाग) वाचा आणि भाव लिटरवर नाही, ॲझाडिरॅक्टिनच्या ग्रॅमवर काढा. १०,००० पीपीएमच्या लिटरमध्ये साधारण १० ग्रॅम, १,५०० च्या लिटरमध्ये दीड ग्रॅम, ३०० च्या लिटरमध्ये जेमतेम पाव ग्रॅमहून थोडं जास्त. १०,००० वाली लिटरला ३ मिली टाकली, म्हणजे १५ लिटरच्या पंपाला ४५ मिली, तर पंपात ३० पीपीएम उतरतं. ३०० वाली लिटरला ५ मिली टाकली तर दीड पीपीएम. वीसपट फरक! स्वस्त बाटलीने गुण आला नाही म्हणून कडुनिंबाला नावं ठेवणाऱ्यांनी हा गुणाकार करून बघावा. ‘१०० टक्के शुद्ध निंबोळी तेल’ असं लिहून पीपीएम न छापलेली बाटली देवासमोरच्या दिव्याला ठीक आहे.

कडुनिंब फसतं ते पाण्यामुळे आणि उन्हामुळे. कृष्णाकाठच्या विहिरी-बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड आणि अल्कधर्मी; अशा पाण्यात ॲझाडिरॅक्टिन लवकर मोडतो. सामू तपासायची कागदी पट्टी दुकानात मिळते. सात-आठच्या वर निघाला तर सायट्रिक ॲसिडने सहाच्या आसपास आणा, मगच औषध टाका, आणि टाकल्यावर दोन तासांत पंप संपवा. द्राक्षबागायतदारांनी जास्त जपा: बोर्डो मिश्रणाच्या टाकीत, चुना न धुता, कडुनिंब कालवलं तर फवारणी सुरू व्हायच्या आतच निम्मं औषध गेलेलं असतं. ऊन तर त्याहून वैरी, कडक उन्हात दोन-तीन दिवसांच्या वर भरवसा नाही. म्हणून संध्याकाळी फवारा, आणि दर तोड्यानंतर परत, कारण तोड्यानंतर वाढणाऱ्या कोवळ्या फळांवर मागचं औषध पोचलेलंच नसतं. काकडीचा पाला नाजूक. दुपारी तेल मारलं तर कडा करपतात. भुरीवर गंधक मारलं असेल तर तेलाच्या फवाऱ्यात किमान दोन आठवड्यांचं अंतर ठेवा.

घरी करायचा तर पाच टक्के अर्क: पाच किलो वाळलेल्या निंबोळ्यांची भुकटी नऊ-दहा लिटर पाण्यात रात्रभर भिजत घाला, सकाळी फडक्यातून दोनदा गाळा, २०० ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवून १०० लिटर करा आणि त्याच दिवशी संपवा. बुरशी आलेल्या, काळ्या पडलेल्या निंबोळ्यांत फारसं काही उरलेलं नसतं. पावसात गोळा केलेल्या निंबोळ्या सावलीत नीट न वाळवता पोत्यात भरल्या की हेच होतं.

आणि कडुनिंबाची मर्यादा: सगळं रान सारखंच कडू केलं आणि मादीला दुसरीकडे जायला जागाच नसली, तर अंड्यांनी फुगलेली मादी शेवटी कडू फळातही घालते. तिला जायला जागा द्या, आणि त्या जागेवर आमिष ठेवा. आत फळावर कडुनिंब, कडेला मक्यावर प्रथिन. या जोडीत दोन्ही बाटल्यांची किंमत वसूल होते, एकेकटी घेतली तर कडुनिंब निम्म्याहून जास्त वाया.

हळद-आल्यात मात्र हा सगळा सरंजाम घेऊ नका, तिथली कंदमाशी वेगळी. ती कुजत्या वासाकडे येते, आणि तिच्यासाठी पसरट भांड्यात २०० ग्रॅम भरडलेली एरंडी एक-दीड लिटर पाण्यात भिजवून एकरी दोन-तीन ठिकाणी ठेवायचा उपाय आपल्याकडे रुळलेला आहे. आठ-दहा दिवसांनी घाण सुटली की नर-मादी दोन्ही येऊन पडतात. या मापाने तो क्यू ल्यूरपेक्षा सरस, आणि दुकानात जावंच लागत नाही. फक्त भांड्यातला चोथा जनावरांच्या तोंडी लागू देऊ नका, एरंडीचं बी विषारी असतं.

परत मांडवात. डब्यातले नर मोजून खूश होण्याऐवजी प्रत्येक तोड्याला १०० फळं उचलून डंखलेली किती ते वहीत लिहा. शेजारच्या रकान्यात डब्यातले नर. नर वाढले आणि डंख तेवढेच, तर आमिष काम करतंय. नर एकदम शून्यावर आले आणि डंख वाढले, तर माशी गेलेली नाही, गोळी मेलीय. किंवा मुंग्या डब्यातल्या माश्या उचलून नेतायत, तारेला थोडं ग्रीस लावा. नर भरपूर आणि डंख नगण्य, तर पुढचा आठवडा आमिष एक दिवस आधी मारा, कारण पाठोपाठ माद्याही वयात येतायत.

परसात चार वेल असतील तर यातलं काही घेऊ नका. फूल गळून फळ बोटाएवढं झालं की कागदी किंवा पातळ कापडी पिशवी चढवा. नळीला साल लागत नाही तिथे अंडं नाही. एकरभर मांडवाला हे मजुरीत परवडत नाही, एवढीच त्याची अडचण.

डंखलेली फळं तोडून बांधावर फेकायची सवय तेवढी आधी मोडा. फळ सडलं की पिकलेल्या अळ्या बाहेर येतात, धनुष्यासारख्या वाकून टुणकन उडी मारतात आणि फुटभर लांब जाऊन मातीत वरच्या दोन-पाच सेंटिमीटरांत कोष करतात. दहा दिवसांत त्यांच्याच माद्या तुमच्या मक्यावर बसलेल्या असतात. फळं जाड काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत भरा, तोंड घट्ट बांधा आणि आठवडाभर उन्हात ठेवा. खड्डा करायचा तर दोन फूट खोल, वर माती दाबून. पिशवी फाटकी असेल तर दुहेरी घाला, अळी सुतळीच्या गाठीतूनही वाट काढते.